अर्ध्या तासात उघडेल

विल्फ गार्नेटने उभी हयात इंग्लंडातल्या मोरकमच्या समुद्रकाठी कापडी आरामखुर्च्या भाड्याने देण्यात घालवली. ज्या गावात ऐन जूनमध्ये लोक कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून आइस्क्रीम खातात, तिथे हा धंदा करायला माणूस एकतर वेडा हवा, नाहीतर कमालीचा आशावादी. विल्फ दुसऱ्या जातीतला. सकाळी ऊन, मग भुरभुर, जेवणाच्या वेळी गारा आणि चहाच्या वेळी पुन्हा ऊन, असल्या लहरी आभाळाखाली तो पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्च्या मांडायचा, उचलायचा, पुन्हा मांडायचा. गिऱ्हाईक वर बघून कचरलं, की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "बसा हो निवांत. अर्ध्या तासात उघडेल."

कधी उघडायचं, बहुतेक वेळा नाही. पण लोक बसायचे. रेनकोट घालून, थर्मास मांडीवर धरून समुद्राकडे बघत बसायचे, आणि उठताना वर म्हणायचे, "बरं झालं, वारा तरी नव्हता." त्या मुलखात कुरकुर करणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर नाक शिंकरणं.

खरं म्हणजे आभाळ कळायचं ते त्याच्या बायकोला, आयव्हीला. खाडीच्या पलीकडे डोंगरांची रांग आहे. गावातला जुना विनोद असा, की डोंगर दिसले तर पाऊस येणार आणि दिसले नाहीत तर तो आलेला आहे. आयव्ही मात्र एवढ्यावर थांबायची नाही. सकाळी माडीवरच्या खोलीतला पडदा सारून ती डोंगर निरखायची, कुठली घडी किती स्पष्ट, कुठल्या माथ्यावर ढग, आणि जिन्यावरून खाली ओरडायची, "निम्म्याच खुर्च्या काढ रे आज! दुपारी झोडपणार आहे."

"अगं, उघडेल!"

"तुला विचारून उघडतंय होय, म्हाताऱ्या? लोकांशी खोटं बोलतोस. जीभ झडेल एक दिवस."

"खोटं कुठे? कुठला अर्धा तास, ते मी सांगतच नाही."

त्यांना एकच मुलगा, रसेल. तो ऑस्ट्रेलियात पर्थला गेला, तिकडेच लग्न करून राहिला. तो निघाला त्या दिवशी मँचेस्टरच्या विमानतळावर आयव्ही ओक्साबोक्शी रडली. मुलाला मिठी मारावी असं विल्फला फार वाटत होतं. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "छत्री घेतली नाहीस ते बरं केलंस. तिकडे काय, सारखं ऊनच."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी रसेलचा फोन यायचा. बापलेकांचं बोलणं म्हणजे हवामान, दुसरं काही नाही. इकडे काय, तिकडे काय. मग बाप म्हणायचा, "थांब, ममला देतो," आणि खरं बोलणं तिथून सुरू व्हायचं. सुनेचे डोहाळे, दुकानातली कटकट, सगळं आयव्हीच्या कानात पडायचं आणि विल्फला ते रात्रीच्या जेवणाबरोबर मिळायचं. त्याला ते पुरत होतं.

मग आयव्ही आजारी पडली. ऑक्टोबरात डॉक्टरांनी विल्फला बाजूला घेऊन सांगितलं, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी न्या आणि आरामात ठेवा. विल्फ त्यांना म्हणाला, "आज थोडं गार आहे नाही?" डॉक्टरही तिकडचेच. ते म्हणाले, "हो, वारा फिरलाय."

माडीवरच्या खिडकीशी तिचा पलंग लावला. फोन होता खाली, दाराच्या आतल्या बोळात. तिला जिना उतरवत नव्हता.

"रसेलला बोलावून घे," ती म्हणाली. "सुनेचे दिवस भरत आलेत, मला कळतंय. तरी बोलाव. मला त्याला एकदा बघायचंय, विल्फ. बाकी काही नको."

"सांगतो ना. रविवारी फोन येईलच."

रविवारी फोन आला.

"काय डॅड, हवा काय म्हणते?"

"पाऊस. सकाळपासून रिपरिप आहे."

"आणि मम? दे ना तिला."

आता सांगायचं. शब्द तयार होते. आदल्या दिवशी समुद्रकाठी एकट्याने चालताना त्याने ते मोठ्याने म्हणूनही बघितले होते. पण 'तुझी आई चाललीय' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की ते खरं होणार, आणि मग ते परत घेता येणार नाही, या धास्तीने त्याची जीभ टाळूला चिकटली.

"पडलीय जरा," तो म्हणाला. "सर्दी आहे. असल्या हवेत सगळ्या गावालाच आहे."

"जास्त नाही ना?"

"छे. उघडलं की बरी होईल."

तो जिना चढून वर गेला तेव्हा आयव्ही उशीवरून मान उचलून वाट बघत होती. "सांगितलंस?"

"सांगितलं," विल्फ म्हणाला. "निघतोय तो."

तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो बघून त्याला पळून जावंसं वाटलं. चहा करतो म्हणून तो खाली गेला आणि किटली उकळून थंड होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

पुढच्या रविवारी तो सांगणारच होता. पण रसेलच उत्साहात होता, पाळणा आणला म्हणून सांगत होता, आणि विल्फने तोंडात मिठाची गुळणी धरली. नंतर 'मम झोपलीय' म्हणाला आणि गारांबद्दल बोलला. गारा खरंच मोठ्या पडल्या होत्या.

शेजारची मॉरीन दुपारी आयव्हीपाशी बसायला यायची. तिला आयव्ही सांगायची, रसेल निघालाय, आज येईल, उद्या येईल. रोज केस विंचरून घ्यायची. विल्फने मुलासाठी मागची खोली झाडली, अंथरूण घातलं. स्वतःचं खोटं स्वतःच खरं धरून माणूस काय काय करतो, ते बघावं.

एका सकाळी आयव्हीने विचारलं, "इतका का उशीर रे लागतोय त्याला?" आवाज आता अगदी बारीक झाला होता.

विल्फ पलंगाच्या कडेवर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "धुकं आहे गं. इथून मँचेस्टरपर्यंत दाट धुकं. विमानं उतरत नाहीयेत. अडकलाय कुठेतरी बिचारा." आणि सवयीने पुढचंही निघून गेलं, "अर्ध्या तासात उघडेल."

आयव्हीने खिडकीकडे मान वळवली. विल्फनेही तेव्हाच बाहेर बघितलं. रात्रीच्या पावसाने आभाळ धुऊन निघालं होतं आणि खाडीपलीकडे डोंगर लख्ख दिसत होते, माथ्यावरच्या नव्या बर्फासकट, एकेक घडी मोजून घ्यावी असे. आयुष्यभर रोज सकाळी तिने ते डोंगर वाचले होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग चाचपून तिने विल्फचा हात धरला.

"हो रे," ती म्हणाली. "काहीच दिसत नाहीये."

ती त्याच दिवशी संध्याकाळी गेली.

विल्फने पर्थला फोन लावला. इतक्या वर्षांत त्याने स्वतः लावलेला तो पहिला. रसेल आला तो दफनाच्या आदल्या दिवशी, डोळे सुजलेले, अंगात उन्हाळी कोट. सर्दीवरून न्यूमोनिया झाला असेल, अचानक झालं असेल, असं त्याने स्वतःची समजूत घातली होती. विल्फने ती मोडली नाही.

दफनाच्या दिवशी भुरभुर होती. चर्चच्या दारात छत्र्या झटकत लोक म्हणाले, "आयव्हीला सकाळची वेळ आवडली असती, सकाळी छान होतं." नंतर घरी हॅमची सँडविचं आणि चहा झाला. लोक पांगले, आणि कपबशा विसळता विसळता मॉरीनने रसेलचा दंड थोपटला.

"त्या मेल्या मँचेस्टरच्या धुक्याने घात केला रे राजा, शेवटच्या दुपारी तीच सांगत होती. रोज केस विंचरून घ्यायची तुझ्यासाठी. येतोय, येतोय, म्हणायची."

"कुठलं धुकं?" रसेल म्हणाला.

मॉरीनने विल्फकडे बघितलं आणि ती हात पुसून हळूच निघून गेली.

विल्फने सगळं सांगितलं. खुर्चीवर बसून, बुटांकडे बघत. रसेल सिंकला टेकून ऐकत होता.

"एक शब्द, डॅड," शेवटी तो म्हणाला. "'ये' म्हणायचं होतं फक्त. मी पोहत आलो असतो. ती माझी वाट बघत मेली आणि तू मला गारा सांगत होतास?"

विल्फने तोंड उघडलं. खिडकीवर पाऊस वाजत होता, आणि त्या पावसाबद्दलचं वाक्य त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. दुसरं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं.

रसेल दोन दिवसांनी परत गेला. टॅक्सीत बसताना त्याने हात पुढे केला. विल्फने तो दोन्ही हातांत धरला, पण रसेलने सोडवून घेतला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विल्फ दोन्ही वेळा बोळात खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसला. माडीवरचा पडदा त्याने ओढून घेतला होता. निम्म्या खुर्च्या काढ म्हणून सांगणारं कोणी नव्हतं, आणि डोंगर बघायची त्याला हिंमत नव्हती.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला. मग रसेल म्हणाला, "मुलगी झाली." आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून असेल, किंवा बापाला दुसरं काही येत नाही हे ठाऊक होतं म्हणून असेल, त्याने विचारलं, "हवा काय म्हणते?"

विल्फने फोन घट्ट धरला.

"बघितली नाही रे," तो म्हणाला. "सकाळपासून रडतोय मी. तिने खिडकीतून डोंगर बघितले होते, रसेल. सगळे दिसत होते. तिला माहीत होतं. तरी माझा हात धरून म्हणाली, काहीच दिसत नाहीये."

पलीकडून हुंदके आवरल्याचं ऐकू येत होतं, आणि मागे कुठेतरी तान्हं रडत होतं. पण फोन कोणीच ठेवला नाही.