बधिर पायाला दिलेला शेक

माझ्या लेकीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. हाडात क्षय शिरला होता. वर्षभर ती लंगडत होती आणि वर्षभर आम्ही तेलं चोळत बसलो होतो. शेवटी नाशकातल्याच एका इस्पितळात तिला ठेवलं. तिथं देवळालीहून हाडांचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा टांग्यानं येत.

ऑपरेशन झाल्यावर, भूल उतरायच्या आत, त्यांनी तिच्या जांघेत आणि कुल्ल्यात सुई टोचून नसांपाशी औषध सोडलं. त्यानं सबंध पाय चार-पाच तास बधिर राहतो आणि पोर शुद्धीवर आली तरी तिला दुखत नाही. लहान मुलांना अशी सुई तेव्हा कुणी देत नसे. पोरं काय, रडतील आणि झोपतील, अशीच सगळ्यांची समजूत. या डॉक्टरांनी दिली, हे त्यांचे उपकारच.

पण हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी नव्हतं, कारण डॉक्टरांनी ते सांगितलं माझ्या यजमानांना, व्हरांड्यात, अर्धं इंग्रजीत. हे हायस्कुलात मास्तर. यांनी मान डोलावली, आत येऊन मला म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे," आणि तास घ्यायला निघून गेले. खाटेजवळ दिवसभर बसणार कोण? मी. आणि सांगितलं कुणाला? जो बसणार नाही त्याला. आज इतक्या वर्षांनीसुद्धा हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

दुपारी लेकीनं डोळे उघडले. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, बाहेर फक्त पाऊल. तिनं पाणी मागितलं, मी ओठांना लावलं. मग म्हणाली, "आई, माझा पाय कुठं गेला?" मला वाटलं, भुलीत बरळतेय. मी तिचा अंगठा दाबला. तिला कळलं नाही. चिमटा काढला, तरी कळलं नाही. पायावरून वारं गेलं! ऑपरेशन करायला म्हणून आणली आणि पोर कायमची पांगळी झाली!

सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होती. मी धावत मागच्या अंगणात गेले. तिथं पेशंटांची माणसं तीन दगड मांडून स्वयंपाक करायची. मखमलाबादकडची एक माळीण भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "वारं गेलं आसंल तर बसून काय ऱ्हाता बाई? शेक द्या की. लय उशीर करू नका." तिनंच चुलीजवळची तापलेली वीट फडक्यात गुंडाळून दिली. तिला मी कधी दोष दिला नाही. मीही तेच करणार होते.

आमच्याकडे शेक देताना शेकणाऱ्याच्या हातावर विसंबत नाहीत, ज्याला शेकतात त्यालाच विचारतात. तसं मी विचारत होते, "पोळतंय का गं?" ती म्हणायची, "नाही." मी वीट जरा जास्त टेकवायची. "आता?" "नाही." तिनं एकदा तरी "पोळतंय" म्हणावं, म्हणजे पायात जीव आला असं समजायचं, याचीच मी वाट पाहत होते. ज्या पायाला काही कळत नाही म्हणून शेक देतेय, त्याच पायाला विचारतेय पोळतंय का! इतकी मठ्ठ बाई उभ्या नाशकात सापडली नसती.

सिस्टर आली आणि "पाय सुईनं बधिर केलाय, मास्तरांना सांगितलंय ना!" म्हणत तिनं वीट हिसकावून घेतली, तोवर तळपायाला टरटरून फोड आले होते. संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला आणि लेकीला खुबा आणि तळवा एकदमच कळले. तिचं ते किंचाळणं मी लिहू शकत नाही.

हे शाळेतून इस्पितळात आल्यावर मी विचारलं, "पाय बधिर केलाय, एवढं मला सांगायला काय झालं होतं?" तर म्हणाले, "तुला सांगून काय कळणार होतं?"

दोन महिन्यांनी खुबा पुन्हा उघडावा लागला. हाड आणखी खरवडायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी सुई नाही. तुम्ही लोक पुन्हा काहीतरी कराल." माझ्या चुकीची शिक्षा पोरीला! मी दोन वेळा त्यांच्या टांग्याआड उभी राहिले. हे लाजेनं दूर सरकले. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मला वॉर्डात येऊच देऊ नका. पाय शुद्धीवर येईपर्यंत मी दाराबाहेर बसते. पण सुई द्या." त्यांनी टांगेवाल्याला थांबायची खूण केली. मग "ठीक आहे, बाई," म्हणाले.

त्या दिवशी मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. दुसरं एखादं पोर ओरडलं की मी उठायची आणि पुन्हा बसायची. दिवेलागणीच्या सुमाराला सिस्टरनं आत बोलावलं.

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी विचारलं, "दुखलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "पण मी किती हाका मारल्या हळूच. तू आली नाहीस. पुन्हा ऑपरेशन केलं तर मला सुई नको. तू बस."

मला आधी रागच आला. एवढं नाक घासून मिळवलेली सुई, आणि ही म्हणते नको! मग तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिनं मान वळवली नाही.

तिसऱ्या ऑपरेशनची वेळ आली नाही, देवाची कृपा. आली असती तर मी पुन्हा सुईच मागितली असती, आणि डॉक्टरांना दिलेल्या शब्दापायी पुन्हा दाराबाहेरच बसले असते. मग लेकीनं मला कधीच माफ केलं नसतं.