दृष्ट ताटावर पडावी म्हणून

चेन्नईहून काही मंडळी आमच्या गावातली कला शोधायला आली, तेव्हा मला आधी रागच आला. शोधायला म्हणे! आम्ही काही हरवलो नव्हतो. पण त्यांना गाव माहीत असलेलं आणि इंग्रजी येणारं माणूस हवं होतं, आणि मी इथल्या कॉलेजात शिकवते म्हटल्यावर कुणीतरी माझं नाव सुचवलं. पितळी भांड्यांच्या एका रिकाम्या गोदामात त्यांना कुंभकोणमच्या कारागिरीचं प्रदर्शन भरवायचं होतं. आमच्या घरात तेव्हा पुतणीच्या लग्नाची तयारी चालली होती. त्या गडबडीतून पळ काढायला मला निमित्त हवंच होतं, म्हणून हो म्हटलं.

त्यांची प्रमुख एक तिशीतली मुलगी होती. तिला रिक्षात घालून गावभर फिरवली. समया ओतणारे दाखवले, देवळाच्या रथाला लावायचे रंगीत कापडी खांब शिवणारा दाखवला, लोखंडी फाटकात मोर वळवून देणारा वेल्डर दाखवला. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, ही नक्षी कुणाची? आणि प्रत्येक जण म्हणायचा, असंच असतं. वेल्डर तर म्हणाला, मोर असाच असतो, वेगळा कसा असेल? पोरगी रडकुंडीला आली. आम्ही कॉफी प्यायला बसलो, आणि रथाचा फोटो शोधताना माझ्या फोनमध्ये तिला एक ताट दिसलं.

"हे कोणी केलं?"

"माझ्या आत्यानं," मी म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

हे ताट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात नवरानवरीला लाल पाण्यानं ओवाळतात. पाण्यात हळद आणि चुना कालवला की ते रक्तासारखं लाल होतं. त्यात विड्याचं पान, पानावर कापूर. दोन सवाष्णी दोन्हीकडून ताट धरतात, तीनदा ओवाळतात आणि पाणी फाटकाबाहेर रांगोळीवर ओतून देतात. दृष्ट उतरते. या ताटाच्या काठावर नक्षी काढायची पद्धत आहे, आणि त्या नक्षीत माझ्या आत्याचा हात धरणारं गावात कुणी नाही. हे मी म्हणत नाही, आत्याच म्हणते. रोज म्हणते.

ती वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी बोलतो, उंबरठा ओलांडला की तमिळ. मी नोकरीच्या निमित्तानं पुण्यात राहिले आणि लिहायचं मराठी तिथं शिकले, पण आत्याच्या तोंडी अजून आमचं जुनं मराठीच आहे. जीभ तिखट. स्वतःच्या कामाचं कौतुक ती दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

ताटाबद्दल तिचं एक शास्त्र आहे. माणसाचा डोळा आधी जिथं पडतो तिथंच त्याचा दोष राहतो, असं ती सांगते. म्हणून ताट असं हवं की मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसलेल्याचा डोळासुद्धा नवरीच्या आधी ताटावर पडला पाहिजे. पोपटांचं कडं काढलं तर त्यातला एक पोपट ती मुद्दाम मागं वळून बघणारा काढते.

"सगळं सारखं असलं तर डोळा सरकून जातो," ती म्हणते. "कुठं तरी एक वाकडं असावं. तिथं तो अडकतो."

आणि नक्षीला ती फक्त साखर, तांदळाचं पीठ आणि रंग वापरते. सगळं विरघळणारं. पाण्याबरोबर नक्षीही गेली पाहिजे, नाही तर गोळा केलेली दृष्ट घरातच राहिली.

एवढं सगळं करून ताट ओवाळायला मात्र तिला मिळत नाही. ती सवाष्ण नाही. ताट तयार झालं की ते दुसऱ्या दोघींच्या हातात द्यायचं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी, खांबाआड उभं राहायचं. तिथून ती दबक्या आवाजात ओरडत असते, "वाकडं धरू नक्को! अय्यो, सांडलं!" मांडवातल्या बायकांना त्याची इतकी सवय झाली आहे की तिचा आवाज आला नाही तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटतं.

आता लग्न होतं ते पुतणीचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं. अण्णा आणि वहिनी दोघंही नोकरीवर जायची; पोर वाढवली आत्यानं. लग्न ठरलं त्या दिवशीच पोरीनं जाहीर केलं की मला आजीच, म्हणजे आत्याच, ओवाळणार. आत्या काही बोलली नाही. आत्या बोलत नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं. तिला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही तिला इतकं हवं असलेलं मी बघितलं नव्हतं.

अण्णानं मान हलवली. "माझं काही नाही गं," तो म्हणाला. "पण सोयऱ्यांना काय वाटेल?"

सोयरे तिरुच्चीचे, तमिळ. त्यांना काय वाटतं हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पण सोयऱ्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवली की घरातल्या घरात कुणाशी भांडावं लागत नाही. मी दोन शब्द सुनावले, वहिनीनं डोळे पुसले, आणि विषय तिथंच थांबला. साखरपुड्यातही आत्या आतच होती. विहीणबाईंनी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. आत्यानं मात्र दाराच्या फटीतून त्यांना नीट बघून घेतलं होतं.

अशात ती चेन्नईची मुलगी घरी आली. प्रदर्शनात आजींनी ताट घेऊन बसावं, असं तिचं म्हणणं. दुसरी कुणी असती तर लाजली असती. आत्यानं मला विचारलं, "पूस तिला, मज कुठं बसवणार? पुढं का आत?"

"पुढं. अगदी दाराशी," मुलगी म्हणाली.

"सेरी, बसतें," आत्या म्हणाली, आणि कोणती साडी नेसायची ते बघायला उठून गेली.

घोडं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. प्रदर्शन आठवडाभर चालायचं, म्हणून ताटावर वार्निशसारखं काहीतरी फवारून नक्षी टिकवायचं मुलीच्या मनात होतं. आत्या भडकली. इतक्या लोकांनी बघितलेलं ताट टिकवून ठेवायचं? म्हणजे गावाची दृष्ट डबीत भरून ठेवायची? शेवटी असं ठरलं की ती रोज सकाळी नवं ताट मांडेल आणि संध्याकाळी विसर्जन करेल.

पहिल्या संध्याकाळी नवा प्रश्न उभा राहिला. ओतण्याआधी ताट ओवाळायला हवं, आणि आसपास सवाष्ण नव्हती. मी कॉलेजातून यायची होते. मी पोचले तेव्हा आत्या ताट हातात घेऊन उभी होती, दुसरी बाजू चेन्नईच्या मुलीनं धरली होती, आणि समोर प्रदर्शन बघायला आलेल्या माणसांची चक्क रांग लागली होती. आत्या एकेकाला ओवाळत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काय बघलागलीस?" ती म्हणाली. "इथं कोणाचं लगीन हाय का? लगीन नाही तर नियम कोणाचा?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी रांग लागायला लागली. भांड्यांच्या दुकानांतली माणसं कुलूप लावून यायची, कॉलेजच्या मुली यायच्या. आत्याच्या चेहऱ्यावर तजेला आला. घरी परत येताना रिक्षात ती मला सांगायची की आज पोलिसाला ओवाळलं, आज एका गोऱ्याला. मला फार बरं वाटायचं, आणि तितकाच अण्णाचा रागही यायचा.

शुक्रवारी विहीणबाई बहिणीला घेऊन तिरुनागेश्वरमला राहूच्या दर्शनाला येणार होत्या. लग्नाआधी ते करायचा त्यांचा नेम होता. ही बातमी आत्याला कुठून लागली कोण जाणे.

"परत जाताना त्यांना प्रदर्शन बघायला आण," ती मला म्हणाली. "पण मी कोण ते सांगू नक्को. आधी ताट बघू दे, मग मज."

मला वाटलं, हौस आहे. कौतुक आधी हवं, ओळख मागून. मी त्यांना घेऊन आले. रिक्षावाल्याशी थांबण्यावरून माझी हुज्जत चालली होती, तेवढ्यात त्या दोघी पुढं होऊन आत गेल्या. मी आत येऊन बघते तर विहीणबाई रांगेत पहिल्या, डोळे मिटून, हात जोडून उभ्या. आत्या त्यांना ओवाळत होती. त्या दिवशी ताटावर हंसांचं कडं होतं आणि एक हंस मागं बघत होता. आत्याचं मोकळं कपाळ दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. तिनं पदरसुद्धा पुढं ओढला नव्हता. विहीणबाईंनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिलं, ताटात नाणं टाकलं आणि वाकून नमस्कार केला. आत्यानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मनात मांडे खाणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मला त्या वेळी कळलं. ती कोण ते न सांगताच मी विहीणबाईंना बसपर्यंत पोचवून आले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाची वरात कार्यालयाच्या दारात आली. वहिनी आणि तिची बहीण आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. काठावर पोपट होते. विहीणबाईंनी ताट बघितलं आणि विचारलं, "हे करणाऱ्या त्या अम्मा कुठे आहेत? त्या गोदामातल्या?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागला. "ती आमची आत्या," मी म्हटलं. "तुमच्या सुनेला वाढवलं तिनंच."

"मग त्या का नाहीत इथे?"

अण्णा तमिळमध्ये चाचरत काहीतरी बोलला. पद्धत, मोठी माणसं, तुम्हाला बरं दिसलं नसतं. विहीणबाईंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मला त्यांनी ओवाळलं त्या दिवसापासून माझा गुडघा दुखायचा थांबलाय. मला चाललं ते माझ्या सुनेला का चालू नये? उद्या त्यांनाच बोलवा."

सोयऱ्यांना काय वाटतं ते अण्णाला अखेर कळलं. खांबाआडून काही आवाज आला नाही.

रात्री जेवताना मी आत्याला म्हटलं, "तू हे सगळं ठरवून केलंस."

"मी काय केलें?" ती म्हणाली. "बाई दारात आली, ओवाळलें." आणि तिनं आणखी भात मागितला.

सकाळी ती कार्यालयाच्या मागच्या खोलीत दार लावून बसली. ओवाळायला दुसऱ्या बाजूनं तिनं मलाच बोलावलं होतं. आज ताटावर काय असेल यावर बायकांच्या पैजा लागल्या; कुणी मोर म्हणे, कुणी गजलक्ष्मी. चेन्नईची मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. दार उघडलं. आत्या बाहेर आली, अंजिरी साडी, केसांत काही नाही, हातात ताट. ताटात लाल पाणी, पान, पानावर कापूर. बाकी काही नाही. काठ कोरा होता. कॅमेऱ्यामागच्या मुलीचा चेहरा पडला.

मला वाटलं, घाबरली, हात चालला नाही. "आत्या, नक्षी?" मी हळूच विचारलं.

"नक्षी कशाला होती? सगळ्यांचे डोळे ताटावर पडावे, पोरीवर नक्को, म्हणून ना?" ती म्हणाली. "आज ते मजवर पडणार. चल."

आम्ही स्टेजवर चढलो. नादस्वर चालू होतं, पण बोलण्याचा गलका एकाएकी थांबला. मी एकदा मागं वळून बघितलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळे आत्याकडे, तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होते. कुणी पुटपुटत होतं, एकीनं तोंडावर हात धरला होता. नवरीकडे एक डोळासुद्धा नव्हता. पोर एकीकडे हसत होती आणि काजळ खाली उतरत होतं.

मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत किती ताटं झाली, आणि प्रत्येकात एक पक्षी मागं वळून बघत होता, ते सगळं मला एकदम आठवलं. ताट माझ्या बाजूनं कलायला लागलं. आत्याची बाजू स्थिर होती.

"वाकडं धरू नक्को," ती दबक्या आवाजात म्हणाली.