लाखातलं एक तोंड

वांगी विकायला आधी तोंड लागतं. सायकल, टोपली, काटा हे सगळं मागून. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत मी चाळीसेक वर्षं भरताची वांगी विकली, हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात घेतली तर हलकी लागणारी. "भरताऽऽची वांगीऽऽ" अशी हाळी दिली की मागच्या गल्लीतली बाई पायात चप्पल न घालता बाहेर यायची. माझ्यासारखा आवाज त्या भागात दुसऱ्याचा नव्हता. हे दुसऱ्या कुणी सांगायला पाहिजे, पण सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. शाळा दुसरीपर्यंत. मास्तर म्हणायचे, ह्याला नरडं आहे, बाकी वर काही नाही. त्याच नरड्यावर मी घर बांधलं.

करोनाची लस गावच्या शाळेत आली तेव्हा म्हाताऱ्यांत पहिला नंबर माझा. एकाची चप्पल माझ्याआधी रांगेत ठेवलेली होती, पण सुई काय चपलेला टोचतात? मी पुढे झालो. आमची मंडळीही सोबत होती. तिला त्या दिवशी अंगात कणकण होती, म्हणून सिस्टरनं सांगितलं, बरं वाटलं की या. तिला वीस वर्षांपासून दमा आहे, ओढायचा पंप कायम कमरेला खोचलेला. खरं तर लस तिलाच आधी पाहिजे होती.

आठ-दहा दिवसांनी सकाळी ओट्यावर चूळ भरायला बसलो, तर पाणी आपलं आपणच डाव्या बाजूनं बाहेर. मला वाटलं तांब्याच गळतो. तांब्या उलटा करून पाहिला. तेवढ्यात ही बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुम्हनं तोंड कथा चालनं?"

ती दोंडाईचाकडची. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण तिची अहिराणी काही हलली नाही. आरशात पाहिलं तर तोंड खरंच उजव्या कानाकडे निघालं होतं, आणि डावा डोळा मिटत नव्हता.

नरडाण्याहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, हा लकवाच. मी कबुतर घेऊन निघतो. त्याच्या रक्ताची मालिश केली की चार दिवसांत तोंड सरळ." मी विचारलं, कबुतराचा काय गुन्हा? पण तोंडातून निघालं "कउतराचा". ओठ मिटतच नव्हते. तिकडून मेहुणा म्हणाला, "बघा, वाचाही चालली!" मी फोन ठेवला आणि हिला घेऊन जळगावची गाडी धरली.

जळगावला मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी भुवया वर करायला लावल्या, दात दाखवायला लावले, हातापायात जोर पाहिला. म्हणाल्या, "नाना, हा लकवा नाही. चेहऱ्याची एक नस सुजली आहे. बहुतेक लोक यातून बरे होतात. थोडा धीर धरा."

"सुईमुळं?" हिनं विचारलं.

"आजी, असं लस न घेताही होतं. लसीनंतर झालेलंही क्वचित दिसलं आहे. नानांचं लसीमुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, आणि नाहीच असंही सांगणार नाही. झालंच तर लाखात एखाद्याला होतं."

पुढचं मी ऐकलंच नाही. लाखात एक! आमच्या घराण्यात आजवर कुणाला हे कुणी म्हटलं नव्हतं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर रिक्षावाल्याला सांगितलं, मग गाडीत शेजारी बसलेल्याला. गावात सिस्टर घरी येऊन सगळं कागदावर लिहून घेऊन गेली. म्हणाली, नाना, ही नोंद वर जाते. मी म्हटलं, जाऊ दे. जाईल तेवढी वर जाऊ दे.

गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंब, डोळ्याला पट्टी. आणि रोज आरशासमोर बसून गाल फुगवायचे, शीळ घालायची, प फ ब भ म म्हणायचं. ज्या शाळेतून मी पळालो होतो ती या वयात तोंडावर येऊन बसली. मास्तर कोण, तर जिनं शाळेचं दार पाहिलं नाही ती. पोळ्या करता करता लाटणं माझ्याकडे रोखून म्हणायची, "परत म्हणा. वारा निंघी गया." मला राग यायचा, पण वारा खरंच निघून गेलेला असायचा.

पंधरा दिवसांनी मी सायकल काढली. सगळे म्हणाले, बसा घरी. बसा म्हटलं की मी उभा राहतो, हा माझा जुना रोग. तोंडाला मास्क होताच, वाकडं कुणाला दिसणार? पण हाळी द्यायला गेलो आणि भ काही जमेना. "व्हरताऽऽची वांगीऽऽ" असंच निघालं.

एक नेहमीची बाई बाहेर आली. "नाना, ही व्हरताची म्हणजे कुठली?"

आता गिऱ्हाइकापुढे काय रडायचं? मी म्हटलं, "ताई, नवीन वाण आलंय. साल पातळ, बी कमी."

तिनं दोन किलो घेतली. दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण दारात उभी. "ती साधी नको हो नाना, व्हरताची द्या." त्याच टोपलीतली दिली. आता भ परत आला आहे, तरी त्या गल्लीत अजून दोन घरं व्हरताचीच मागतात.

इकडे करोना वाढत चालला होता. आमच्याच गल्लीतून दोघांना गाडीत घालून नेलं, त्यातला एक परत आला नाही. मला रात्रंदिवस हिच्या दम्याची काळजी. आणि हिचं एकच, "माले नही लेनी. तुम्हनं तोंड रोज पाही ऱ्हायनू ना मी."

मी समजावलं, "अगं, लाखात एक! तो एक आपल्या घरी येऊन गेला. आता दुसरा यायला त्याला लाख घरं फिरावी लागतील."

ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "अन् घर वळखीनं व्हयनं म्हणीसन परत उना तं?"

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनाच हा हिशोब घातला. त्या हसल्या. "नाना, हिशोब साफ चुकला. प्रत्येकाचा लाख वेगळा असतो. पण उत्तर बरोबर आलं. आजींना दमा आहे, करोना त्यांना फार जड जाईल. त्यांनी घ्यावीच."

"अन् यास्नी?" हिनं माझ्याकडे बोट केलं.

"नानांनीही दुसरी घ्यायला हरकत नाही. तोंड सुधारतंय. सिस्टरला आधी सगळं सांगा आणि टोचल्यावर तिथं अर्धा तास बसा."

परत येताना स्टेशनवर हिनं मला पकडलं. "तुम्ही लेशात ना दुसरी? मंग मी बी लेसू. तुम्ही नही, तं मी बी नही."

खरं सांगतो, मी घाबरलो. इतके दिवस मी जो शहाणपणा सांगत होतो तो तिच्या दंडासाठी. माझ्या दंडाची गोष्ट निघाली तेव्हा सगळी हुशारी आटली. आठ दिवस मी कारणं काढली. आज वांग्यांचा तोडा आहे. आज अमावस्या आहे. आज सायकलची चेन उतरते. ती मात्र रोज सकाळी माझा धुतलेला सदरा खाटेवर काढून ठेवायची आणि संध्याकाळी घडी करून परत पेटीत.

नवव्या दिवशी अंगण झाडता झाडता ती खाली बसली. धूळ छातीत गेली होती. कमरेचा पंप काढायचा, तर तो पदरात गुंतला होता. मी काढून दिला, दोनदा ओढला तेव्हा तिचा श्वास खाली बसला. असं ती शंभरदा बसली असेल. पण त्या दिवशी मला वाटलं, हिची लस माझ्या सदऱ्याच्या बाहीत अडकली आहे, आणि बाहीत हात घालायला मी घाबरतोय. कुणाला सांगायचीही लाज. घरात गेलो, सदरा घातला.

"चल," म्हटलं. "निघ."

शाळेत रांग होती. एक ओळखीचा ओरडला, "नाना, तोंड वाकडं झालं तरी परत आले?" मी मास्क खाली केला आणि सगळ्या रांगेला तोंड दाखवलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "घ्या बघून. बारा आणे सरळ झालंय. उरलेलं मी घरी करतो." लोक हसले. एक बाई पदर सावरत परत चालली होती, ती थांबली.

सिस्टरला मी सगळं सांगितलं. तिनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "मग आधी कोण?"

मी मीच म्हणणार होतो. पाहतो तर ही खुर्चीवर बसलीसुद्धा, बाही वर केलेली, डोळे घट्ट मिटलेले. "मी," म्हणाली. "ह्या पहिला नंबरना हौशी शेतस, आज मागे ऱ्हाऊ द्या."

तिला टोचली, मला टोचली. दोघांना शाळेच्या बाकावर अर्धा तास बसवलं. बाक चौथीच्या पोरांचा, गुडघे छातीला लागत होते. मी दर दोन मिनिटांनी तिच्याकडे वळायचो. डोळा मिट. भुवया वर कर. ती पण मला, "म म्हणा. आते भ म्हणा."

"गाल फुगव," मी म्हटलं. तिनं आजूबाजूला पाहिलं, पदर ओढून घेतला आणि फुगवले. मी बोटानं दाबून पाहिलं तर फुर्रकन वारा सुटला, आणि तिला इतकं हसू आलं की तिनं बाकावर थापा मारल्या. पन्नास वर्षांत चारचौघांत ती तोंडापुढे पदर धरूनच हसली होती. त्या दिवशी पदर मांडीवरच राहिला. मी नीट पाहिलं, दोन्ही बाजूंना सारखं.

सिस्टर म्हणाली, "झाला अर्धा तास. जा आता घरी."

ही उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. म्हटलं, थांब, डावी बाजू नीट दिसली नाही. अजून एकदा हस.