आमचं बेट होळीपर्यंतच

आमच्या गावात एक बेट आहे. पावसाळ्यापासून होळीपर्यंत. त्यानंतर ती टेकडी असते.

ही एवढी साधी गोष्ट मी पुण्यात कुणाला सांगितली नव्हती. फसवायचं नव्हतं हो! सेनगाव तालुक्यातलं गाव सोडून मी पुण्याच्या बेकरीत लागलो, तेव्हापासून घरी जायचो ते फक्त दिवाळीला. दिवाळीत आमचं धरण काठोकाठ भरलेलं असतं. त्यामुळे माझ्या डोक्यात ते बेट बारमाही बेटच राहिलं.

सातवीत शाळा सोडलेल्या पोराला बेकरीचे मालक दामले काकांनी काम दिलं, काकूंनी पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. परतफेडीला माझ्याजवळ होतं काय? एक बेट! मैदा मळता मळता मी ते रोज थोडं थोडं देत गेलो. तिथला उघड्यावरचा महादेव, पाण्यावर वाकलेला उंबर, बगळ्यांनी पांढरी झालेली बाभळ... "आणि शांतता अशी काकू, मासा उडाला तरी माणूस दचकतो!" (मी तसाही कशानेही दचकतो, पण ते जाऊ द्या.)

बहिणीचं लग्न वैशाखात निघालं आणि काकू म्हणाल्या, "आम्ही येणार. लग्नालाही आणि बेटालाही!"

नेमकं त्याच सुमारास काका दुसरं दुकान काढत होते. किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या, ते ठरत नव्हतं. "हुशार नसला तरी चालेल," ते म्हणायचे, "फक्त थापाड्या नको." हुशार मी नव्हतोच. म्हणजे अर्धी लायकी तर जमली होती!

हिंगोलीहून जीपने आम्ही दिवेलागणीला गावात पोचलो. पाहुणे हातपाय धुवायला गेले, तसं मी वडिलांना बाजूला घेतलं.

"आबा, धरणात पाणी किती हाय?"

"घसरलं की! टेकडीखाली तुझ्या आत्यानं गाळपेर केलीया. खरबूज लई गोड हाय औंदा." (पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडे पीक घेतात, तीच गाळपेर.)

"मंग बेटावर होडी जात न्हाई?"

"होडी काहून पायजे? चालत जा की. पायाला काय तकलीफ हाय का?"

पुण्यात दिलेलं बेट गावात येऊन टेकडी निघाली, तर माझ्यासारखा थापाड्या मीच! किल्ल्या गेल्या, बेकरी गेली, काकूंची आमटी गेली. मी तसाच गंगाराममामांकडे पळालो. मामा धरणात मासे धरायचे. त्यांनी तोड काढली. "धरणाच्या भिताडाच्या अंगानं पाणी हाय अजून. तिकडून होडी घालू. टेकडीची कोरडी बाजू दिसतच न्हाई बघ पाव्हण्याला."

मग मी अख्ख्या घराला बजावलं, "पाव्हणे बेटावर असेस्तोवर तिकडं कुणीबी चालत यायचं न्हाई!"

"आन् जेवण?" आई म्हणाली. "लेकरा, पाव्हणे काय हवा खाऊन ऱ्हातील?"

"माघारी आल्यावर जेवू!" म्हणून मी विषय संपवला. (आईच्या बाजूने तो संपला नव्हता, हे मला कळायला हवं होतं.)

सकाळी होडी निघाली. आणि खरं सांगतो, वैशाखातसुद्धा ती जागा देखणीच होती. पाणी आरशासारखं. महादेवाच्या पिंडीवर उंबराची सावली. काकांनी चपला काढून नमस्कार केला, मग त्याच सावलीत उपरणं अंथरलं आणि घोरू लागले. काकूंनी पाण्यात पाय सोडले. "किसन, इथे माझ्या बांगड्या मलाच ऐकू येतात रे," त्या हळूच म्हणाल्या. माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात बेंऽऽ!

उंबरामागून आमच्याच शेळ्या आल्या. ओळीने. घरच्यासारख्या.

"अय्या, शेळ्या!" काकू निरागसपणे म्हणाल्या. "या कशा आल्या रे बेटावर?"

मामा शांतपणे म्हणाले, "पवून."

"पण अंग तर कोरडं आहे त्यांचं."

"उन्हाळ्यात लवकर वाळत्यात."

मी शेळ्यांना हाकलतोय तोच घंटी वाजली. देवळाची नव्हे, सायकलची! मागे कुल्फीची पेटी बांधून आमच्या गावचा कुल्फीवाला टेकडी चढत होता. "काय किसनराव! आबा बोलले, पाव्हणे वर हायत म्हून!"

काका उठून बसले. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग मामांकडे. "हीसुद्धा पवून?"

मामा एकदम होडीची दोरी तपासायला निघाले. मी महादेवाकडे बघितलं. त्यालाही उत्तर सुचलं नसावं.

आणि मग डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, हातात पिठल्याचं पातेलं घेऊन आत्या अवतरली. आल्या आल्या काकूंना म्हणाली, "काय वो वैनी, पहाटं नेलेलं खरबूज गोड निघालं का?"

मी शेळ्या सोडून वळलो. "पहाटं?"

"अरे, मला रोज पाचला फिरायची सवय," काकू पदराआड हसत म्हणाल्या. "फिरत फिरत इथवर आले. आत्यांनी चुलीवरचा चहा पाजला, खरबूज दिलं. घरी नेऊन यांना खाऊ पण घातलं. पण तू एवढ्या हौसेनं होडी सांगितलेली... म्हटलं, दोन्ही बाजूंनी बघू!"

"काका," मी रडवेला झालो, "दिवाळीत खरंच बेट असतंय वो!"

"असेल की." काकांनी कुल्फीचा चावा घेतला. "एकच सांग. दुकानात शिळा पाव ताजा म्हणून विकशील का?"

"न्हाई काका! महादेवाच्यान न्हाई!"

"मग किल्ल्या तुझ्याकडे. आणि दिवाळीला आम्ही पुन्हा येणार, बेट तपासायला."

मी वाकून पाया पडलो, तो उठवायला लवकर कुणी आलं नाही. सगळे पिठल्यावर तुटून पडले होते.

जेवून काठावर येतो तर होडी चिखलात! कालव्याला पाणी सोडलं होतं, आणि आमचं उरलंसुरलं तळं हातभर मागे सरकलं होतं. मी ढकलायला उतरलो आणि कमरेपर्यंत रुतलो. मला ओढून काढेपर्यंत आबा बैलगाडी घेऊन हजर. पाहुण्यांना उन्हाचं चालवायचं नाही, म्हणून गाडीत गादीही घातलेली!

पण काका-काकू आत्यासोबत गप्पा मारत पायीच निघाले. मग रिकाम्या गाडीत आबांनी आणि मामांनी गादी बाजूला गुंडाळून होडी चढवली. मी नखशिखांत चिखल. गादीला लागू नये म्हणून मला होडीत बसवलं.

अशी आमची वरात लग्नघराकडे निघाली. बैलगाडीत होडी, होडीत मी. वेशीवर अख्खा गाव जमलेला. आबांनी मागे वळून बघितलं.

"किसन्या, निस्ता काहून बसून राहिलास? वल्हव की!"

मोठ्यांचं ऐकायची मला लहानपणापासून सवय. मी वल्हं उचललं.