कान कातरलेली कॅसेट

“जगात एकच धंदा टिकतो, सर. ज्याचा माल दुसऱ्याच्या दारात उभा राहत नाय, तो.”

हे वाक्य तो उजव्या हाताची तर्जनी वर करून म्हणत असे. अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. इतक्या थोडक्यात कुणी आटपलेलं नाही. फक्त हे म्हणताना त्याचा डावा हात टीव्हीला थापट्या मारत असे, कारण त्याशिवाय चित्र जागेवर थांबत नसे.

उस्मानपुऱ्यात मी भाड्यानं राहायचो आणि खाली त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. सकाळी वाळूजच्या कारखान्यात फिटर, संध्याकाळी दुकानदार. घराणं बिडकीनकडचं, मेंढरं राखणारं. त्यामुळे त्याचं सगळं व्यापारशास्त्र मेंढरांवर उभं होतं. गिऱ्हाईक म्हणजे कळप, नवा खेळ म्हणजे कुरण, आणि समोरच्या गेमच्या दुकानाचा मामू म्हणजे लांडगा.

मामू सिल्लोडचा, गरीब चेहऱ्याचा माणूस. लांडगेपणाची एकही खूण मला त्याच्यात दिसली नाही. त्याचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं, पण कॅसेट दोन्ही यंत्रांत तीच बसे. घोळ तिथंच होता. यानं नवा खेळ आणला, की आठवड्यात तोच मामूकडे हजर, आणि कळप रस्त्यापलीकडे. मामू पोरांकरवी कॅसेट पळवतो, असा याचा संशय.

मग एक टोपीवाला गडी किल्ल्याचे मजले चढत जातो, असा खेळ यानं मुंबईहून आणला; इथं तो कुठंच मिळत नव्हता. आणल्या दिवशीच कारखान्यातल्या चिवट गोंदानं कॅसेटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या डकवल्या आणि आपल्या यंत्राचं तोंड कानशीनं घासून तेवढंच रुंद केलं.

“आमचा बाप मेंढराचा कान कातरायचा. चुकून कुणाच्या कळपात गेलं तरी कुणाचंय ते कळावं. हे तसंच. आता मामूनं पळवली तरी घालंल कुठं?”

“आणि तुमचंच यंत्र बिघडलं तर?”

“सर, तुम्ही कॉलेजात शिकवा,” तो म्हणाला.

मामूला कॅसेट पळवायची गरज पडली नाही. आठव्या मजल्याच्या दारात टोपीवाला पोचला, सगळं दुकान श्वास रोखून उभं राहिलं, आणि वीज अशी काही उसळली की यंत्रातून धूरच निघाला. त्या मजल्यावर राणी आहे, असं तो महिनाभर सगळ्यांना छातीठोक सांगत आला होता. स्वतः त्यानं ती पाहिली नव्हती. आता मात्र त्याला दुसरं काही सुचेना. जेवताना घास हातात धरून विचारायचा, “सर, असंल ना हो राणी?”

नव्या यंत्राला इतक्यात पैसे नव्हते, आणि पट्ट्या काढाव्यात तर कॅसेटच चिरणार. त्याच्या मेंढराला जगात मेंढवाडा उरला नव्हता.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालंच पाहिजे, यावर मात्र त्याचं आणि मामूचं एकमत होतं. मोर्चात दोघं जात, घोषणाही एकाच दमात देत, पण रस्त्याच्या दोन कडांनी चालत. अशाच एका मोर्चाहून परतताना त्यानं रस्ता ओलांडला. सोबतीला मला घेतलं. दुकानं बंद होती. मामू पायरीवर बसून शेंगा फोडत होता.

“मामू, तुझ्या यंत्राचं तोंड जरा घासू दे.”

“कायको? मेरा तोंड अच्छा है.”

“यंत्राचं रे! राणी बघायचीय.”

मामूनं दोन शेंगा शांतपणे खाल्ल्या. “देखो भाऊ. घासने देता. फिर ये खेल एक हफ्ता तुमारे इदर, एक हफ्ता मेरे इदर.”

आमच्या दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं तत्त्वज्ञान एका बाजूला, राणी दुसऱ्या बाजूला. खिशातून कानस निघाली. ती त्यानं घरूनच आणली होती.

शटर अर्धं ओढून दोघं एका बाकावर बसले. मजले चढत गेले. एकानं उडी मारायची, दुसऱ्यानं ओरडायचं. आठवं दार उघडलं. आत एक राक्षस होता, तो पडला. पिपाणी वाजली, पडदा काळा झाला, आणि टोपीवाला पुन्हा पहिल्या मजल्यावर येऊन उभा राहिला.

मामू उठून टीव्हीच्या मागे बघून आला.

“भाऊ, राणी किदर है?”

“दुसऱ्या फेरीत असंल,” तो खोल आवाजात म्हणाला.

ती फेरीही त्यांनी खेळून पाहिली. मग कुणाला काहीच सांगायचं नाही, असं दोघांत ठरलं. पुढे पैसे जमल्यावर यानं नवं यंत्र घेऊन त्याचंही तोंड घासलं, आणि दोन्ही दुकानांत तो खेळ आठवड्याआड वर्षभर चालला. गिऱ्हाइकानं शेवटाचं विचारलं की रस्त्याच्या अलीकडून आणि पलीकडून एकच उत्तर येई: “लई भारी आहे. खेळून बघा.”

पुढे कारखाना सोडून तो बिडकीनला परत गेला. टीव्ही मामूला दिला, कुठं थापटायचं ते नीट दाखवून. त्याच सुमारास तो खेळ गुलमंडीवर हातगाडीवर विकायला आला. ती कॅसेट कुठल्याही यंत्रात बसत होती.