तव्यावरचं शिसं

नवऱ्याची देवासमधली कंपनी बंद पडली आणि आमच्या मागच्या पडवीत जुने कम्प्यूटर आले. पीथमपूरला कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका मित्रानं ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की कबाडातही तांबं असतं, शिसं-कथील असतं, हात असलेल्या माणसानं रिकामं का बसावं. हे रिकामे बसले नाहीत. माझं घर मात्र हातचं गेलं. जिकडे पाहावं तिकडे पोती, वायरी आणि कम्प्यूटरच्या आतल्या हिरव्या पाट्या. आवरून आवरून जीव मेटाकुटीला यायचा.

सासूबाई कडक सोवळ्याच्या. भंगाराच्या पोत्याला पदर लागला तरी पुन्हा अंघोळ करायच्या. पण पाट्या तापवून त्यांवरचं शिसं सुटं करायला ह्यांनी घरातला लोखंडी तवा मागितला, तो त्यांनी खुशाल दिला. लोखंडाला विटाळ नसतो, विस्तवात लाल केलं की शुद्ध, हे त्यांचं शास्त्र. दुपारी तव्यावर पाटी तापायची, हे ती आपटायचे आणि चकचकीत थेंब खाली पडायचे. संध्याकाळी सासूबाई तोच तवा शेगडीत लाल करायच्या, राखेनं घासायच्या आणि त्यावर पोळ्या. पहिली पोळी तूप लावून नातीला, स्वतःच्या हातानं. वेगळा तवा आणू या, असं मी म्हणून पाहिलं. तुला काय कळतंय त्यातलं, असं उत्तर मिळालं.

मुलगी सुकत चालली. पोट दुखतं म्हणायची, रात्री पाठ केलेला पाढा सकाळी विसरायची. जंतांचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी इंदूरला नेली. डॉक्टरांनी विचारलं, "घर में काम क्या होता है?" ह्यांनी खाली मान घालून सांगितलं. रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. धुरातून गेलं असेल, हातांतून, तव्यातून. विस्तवानं ते नाहीसं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पोटाचं बरं होईल, डोक्याचं आत्ताच सांगता येणार नाही. परतीच्या बसमध्ये ह्यांच्यावर रागवायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. ह्यांनी लगेच पोती बाहेर काढली, मी बाजारातून नवा तवा आणला. कणीक मळून सासूबाईंपुढे ठेवली, तर त्या पाटावरून उठल्या.

"तूच कर. माझ्या हातचं तिला नको."

जन्मभर दुसऱ्याच्या हातचं खायला नाक मुरडणारी ती बाई स्वयंपाकघराबाहेर भिंतीला टेकून बसली. मला रडू आलं, पण पोळ्या करायच्याच होत्या.

पहिली पोळी तूप लावून मुलीपुढे ठेवली. तिनं ताट सरकवलं, उठली आणि आजीजवळ जाऊन बसली.

"आजी करेल तेव्हा जेवीन," म्हणाली.