दोरवालीची सरळ गल्ली

अख्ख्या बंदरात सरळ म्हणावी अशी गल्ली एकच, आणि ती सरळ राहिली ती दोरवालीमुळे. दोर वळायला दोनशे पावलांची, नाकासमोर जाणारी मोकळी जागा लागते. एका टोकाला नवरा चाक फिरवणार आणि ही बाई कमरेला ताग गुंडाळून, सूत सोडत सोडत उलट्या पावली मागे सरकणार. तीस वर्षं हेच. "मी उलटी चालते म्हणून घर सुरळीत चाललंय," असं ती नवऱ्याला ऐकवायची. तो बिचारा हसत चाक फिरवायचा.

मग डोंगरापलीकडचा कापूस या बंदराकडे वळला. होड्यांच्या जागी जहाजं आली, गोदामं उठली, गावाचं बघता बघता शहर झालं. आणि एक दिवस रस्त्यांचे साहेब टेप घेऊन दारात हजर! धक्क्यावर ट्रक न्यायला हीच गल्ली हवी म्हणे.

"का हो, हीच का?"

"सगळ्यात सरळ आहे ना, बाई."

"अरे वा! म्हणजे वाकडे सुटले आणि सरळ तेवढे अडकले!"

फणकारली खरी, पण आत जाऊन ढसाढसा रडली. गल्ली गेली की धंदा गेला. दुसरं येतंय काय दोघांना?

ट्रक सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात एका ट्रकवरच्या कापसाच्या गाठी तिच्या दारासमोर घसरल्या. घाटातल्या वळणांनी दोर पार झिजला होता. राग होताच, पण तो सडका दोर बघून तिला राहवेना. "याने बांधतोस माल? जीव नकोसा झालाय का?" म्हणत तिने घरातला तीन पेडांचा दोर ड्रायव्हरला काढून दिला. पुढच्या खेपेला तो आला तो दहा जणांना घेऊन.

दोर हवेत, तर वळायला गल्ली हवी. ड्रायव्हरांनी आपसातच ठरवून टाकलं, दुपारी दोन तास ट्रक नाक्यावर उभे करायचे. ना अर्ज, ना शिक्का. उभ्या ट्रकांच्या जिवावर नाक्याला खाणावळ निघाली, टायरवाला आला, न्हाव्यानेही खुर्ची मांडली.

एकदा साहेबांचीच गाडी त्या रांगेत अडकली. हॉर्न वाजवून वाजवून साहेब घामाघूम. "कुणाच्या परवानगीने अडवलाय रस्ता?"

"दोर चाललाय, साहेब," पुढचा ड्रायव्हर म्हणाला. "घाई असेल तर एक टोक धरा, लवकर आटपेल."

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या.

"अहो साहेब, ताणून धरा की!" दोरवाली खणखणीत ओरडली. "जेवला नाहीत का?"